'स्थानिकांच्या मदतीने' म्हणजे नेमके कोणाच्या?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी २६ जानेवारीच्या आगेमागे आपल्या दैनिकात पद्म पुरस्कारांची, शौर्यपदकांची आणि पोलीस पदकांची यादी छापून येते आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत वाचकांच्या पत्रांमध्ये 'आपल्या जिल्ह्याला पुन्हा डावलले' असा सूर उमटू लागतो. ही पत्रे मी आवर्जून वाचतो. त्यांतला जिव्हाळा खरा असतो, पण यादीत नाव येण्यासाठी ते आधी कोणीतरी कागदावर लिहावे लागते, हा साधा मुद्दा त्यांत क्वचितच आढळतो. मी महसूल खात्यात एकतीस वर्षे कारकुनी करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आणि आता कृष्णाकाठच्या एका गावात राहतो. कागद कसा जन्माला येतो, कुठे अडतो आणि कुठे मरतो हे मला थोडेफार ठाऊक आहे. त्या अनुभवाच्या आधारे, आणि त्यात माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुली देत, हे पत्र लिहीत आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते, आणि त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आमच्या गावात मारुतीच्या देवळाच्या कोनाड्यात पाणी आले तेव्हा मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या रानातल्या, वस्तीवर पाच माणसे अडकली आहेत असे कळले. गावात बोट नव्हती. वाट्याने शेती करणारा आणि हंगामात साखर कारखान्यावर जाणारा आमच्याच आळीतला एक गडी बंद पडलेल्या गुऱ्हाळावरची काहील, म्हणजे गूळ शिजवायची मोठी कढई, घेऊन निघाला. नाड्याचे, म्हणजे जाड दोराचे, एक टोक त्याने कमरेला बांधले, दुसरे आम्ही चौघांनी कडुनिंबाच्या बुंध्याला वेढा देऊन धरले. पहिल्या खेपेला दोन पोरे आली, दुसऱ्या खेपेला त्यांची आई आणि आजी. तिसऱ्या खेपेला, म्हैस सोडून येणार नाही म्हणून हटून बसलेला म्हातारा. त्या खेपेला पाण्याखाली गेलेल्या द्राक्षबागेच्या लोखंडी अँगलला काहील अडली. ती सोडवायला गडी पाण्यात उतरला आणि अँगलच्या टोकाने त्याची पोटरी फाटली. काठावर आला तेव्हा काहिलीत तळाला गढूळ पाणी होते, त्यात त्याचे रक्त मिसळले होते आणि म्हातारा त्यातच मांडी घालून, म्हशीचे दावे हातात धरून बसला होता. म्हैस मागून पोहत आली. निवारा केंद्रातल्या डॉक्टरांनी त्याच्या पायाला अकरा टाके घातले.

दोन दिवसांनी एका दैनिकात बातमी आली. तिच्यातले वाक्य मला आजही पाठ आहे : 'वस्तीवर अडकलेल्या पाच जणांना स्थानिकांच्या मदतीने सुरक्षित स्थळी हलविण्यात आले.' बातमी खोटी नव्हती. पाचही जण खरोखरच सुरक्षित स्थळी होते. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटून मोठी दुर्घटना घडली होती, साऱ्यांचे लक्ष तिकडे होते आणि ते तसेच असायला हवे होते. तरीही 'स्थानिकांच्या मदतीने' या दोन शब्दांपाशी मी तेव्हा थांबलो होतो आणि अजून थांबलेलोच आहे. अडकलेल्यांची संख्या बातमीत होती, भेट देऊन गेलेल्या पदाधिकाऱ्यांची नावे हुद्द्यांसह होती. ज्याने काहील नेली, तो मात्र 'स्थानिक' होता.

अशा माणसासाठी या देशात एक पदक आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. जीवन रक्षा पदक हे त्याचे नाव. १९६१ साली सुरू झालेले हे पदक बुडणाऱ्याला, आगीत सापडलेल्याला, विजेचा धक्का बसलेल्याला, दरड किंवा खाणीत अडकलेल्याला स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवणाऱ्या कोणालाही मिळू शकते. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. वाचवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाला अत्यंत मोठा धोका होता तेथे सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, मोठा धोका होता तेथे उत्तम जीवन रक्षा पदक आणि गंभीर शारीरिक इजेचा धोका होता तेथे जीवन रक्षा पदक. सोबत अनुक्रमे दोन लाख, दीड लाख आणि एक लाख रुपये मिळतात. केंद्रीय गृहमंत्र्यांच्या सहीचे प्रमाणपत्र असते. सैनिक, पोलीस किंवा अग्निशमन दलाच्या जवानालाही हे पदक मिळू शकते, पण ते कृत्य त्याच्या कर्तव्याचा भाग नसेल तरच. कारण हे मुख्यतः, ज्याच्यावर वाचवण्याची कोणतीही सरकारी जबाबदारी नव्हती आणि तरीही जो पाण्यात उतरला, त्याचे पदक आहे. मला त्या पदकाच्या दर्शनी बाजूचे विशेष वाटते. मध्यभागी अभयमुद्रेतला उघडा तळहात आहे आणि वर देवनागरीत दोनच शब्द कोरलेले आहेत : मा भैः. भिऊ नकोस. आमच्या गड्याने म्हाताऱ्याला काहिलीत ओढताना जवळजवळ हेच शब्द वापरले होते, फक्त त्यांत दोन शिव्या जास्त होत्या.

आता प्रश्न असा की, हे पदक मिळते कसे? त्यासाठी राज्य सरकारकडून केंद्राकडे शिफारस जावी लागते. राज्याकडे ती जिल्ह्यातून जाते, जिल्ह्यात तालुक्यातून येते आणि तालुक्याला ती गावातून कळावी लागते. म्हणजे दिल्लीतल्या समितीसमोर जो कागद जातो त्याचा पहिला परिच्छेद एखाद्या पोलीस पाटलाने, तलाठ्याने (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे), ग्रामसेवकाने किंवा शाळेच्या मुख्याध्यापकाने लिहिलेला असतो. तो परिच्छेद लिहिला गेला नाही तर समितीने डावलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जे पुढ्यात आलेच नाही ते डावलणार तरी कसे?

याच्या उलट लष्कराचे पाहावे. सातारा-सांगलीच्या घराघरांत फौजेची परंपरा आहे, त्यामुळे हे मी परक्या विषयासारखे लिहीत नाही. माझे एक मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा डांबरगोळ्यांच्या वासात, मऊ पडलेल्या फडक्यात गुंडाळलेली तीन पदके निघाली. त्यांत १९६५ चे रक्षा पदक होते. शौर्यासाठीचे एकही नव्हते, तिन्ही सेवेची होती. पण मामीने त्यांतले एक उचलून मला त्याची कड दाखवली. कडेवर बारीक अक्षरांत मामांचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले होते. लाखो जवानांना मिळालेले ते पदक, पण ते कोणाचे हे त्याच्या कडेवर लिहिलेले आहे. फौज नाव विसरत नाही, याचे कारण तिच्यापाशी लिहिण्याची व्यवस्था आहे. रणांगणावर कोणी काही असामान्य केले की त्याची हकिकत पलटणीत लिहिली जाते, साक्षीदारांनिशी वरच्या मुख्यालयांकडे जाते, प्रत्येक पायरीवर तपासली जाते आणि मग मानपत्राच्या भाषेत राष्ट्रपतींपर्यंत पोहोचते. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करताना हुतात्मा झाले आणि पुढच्याच प्रजासत्ताकदिनी त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झाले. त्याआधी त्यांना सेना पदकही मिळालेले होते. अशा माणसाचे मोठेपण कोणत्याही चक्रापेक्षा मोठेच असते, पण ते वेळेवर नोंदवले गेले याचे श्रेय त्या लिहिणाऱ्या व्यवस्थेला द्यावे लागेल. पलटणीला तिचे कागदपत्र पाहणारा अधिकारी, म्हणजे ॲडज्युटंट, असतो. गावाला तो नसतो.

जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे यांचे नाव घेतल्याशिवाय आपल्या भागात या विषयावर बोलताच येणार नाही. फौजेतून निवृत्त होऊन मुंबई पोलिसांत आलेल्या या सहायक उपनिरीक्षकाने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीत, हातात केवळ लाठी असताना, अतिरेक्याच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यामुळे सहकाऱ्यांना तो अतिरेकी जिवंत पकडता आला. दोनच महिन्यांनी, २६ जानेवारी २००९ रोजी, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले. शांतताकाळातील हा सर्वोच्च शौर्यसन्मान आहे आणि तो नागरिकांनाही मिळू शकतो. विमानातील प्रवाशांना वाचवताना प्राण दिलेल्या नीरजा भनोत यांना तो मिळालेला आहे. ओंबळे यांच्या बाबतीत न्याय झाला, आणि लवकर झाला. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या क्षणाला साक्षीदार होते, ते सहकारी पोलीस होते आणि घडलेले नेमक्या शब्दांत नोंदवणे हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. पराक्रम तोच, पण तो नदीच्या एखाद्या निर्जन वळणावर घडला असता आणि पाहणारी दोन गुराखी पोरे असती, तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

ज्यांचे कर्तृत्व साऱ्या जगाने पाहिले त्यांच्याही वाट्याला उशीर येतोच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांना डोक्यावर घेतले. अर्जुन पुरस्कार मिळायला मात्र २००० साल उजाडावे लागले, आणि तोवर ते जाऊन सोळा वर्षे झाली होती. पद्म पुरस्कार त्यांना हयातीत मिळालाच नाही. वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर यांची हकिकत याहून विलक्षण आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या जवानाने १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार त्याहूनही पुढे, २०२५ च्या जानेवारीत. १९७२ साली जन्मलेले मूल पद्मश्रीच्या वेळी नातवंडे होण्याच्या वयाला आले होते. पेटकरांनी दीर्घायुष्याच्या जोरावर तो सन्मान गाठला. खाशाबांना तेवढे आयुष्य लाभले नाही.

पद्म पुरस्कारांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांची चर्चा मुळातच पुष्कळ होते. त्यांसाठी आता कोणताही नागरिक राष्ट्रीय पुरस्कारांच्या सरकारी पोर्टलवर नामांकन पाठवू शकतो, अगदी स्वतःचेसुद्धा. 'डावलले' असे पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्याच वर्षी एक नामांकनही पाठवले असते तर माझी या पत्रांविरुद्ध काही तक्रार नव्हती. आपल्या भागाला हे पुरस्कार मिळालेलेच नाहीत असेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांना १९५९ साली पद्मभूषण मिळाले, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांना २००९ साली. यांपैकी 'कर्मवीर' ही पदवी लोकांनी दिलेली, आणि आजही तीच नावाआधी लागते, हे मला फार योग्य वाटते. नियमही तसाच आहे. पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, ते नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात स्पष्ट केले आहे. तरी आपल्याकडच्या निमंत्रणपत्रिका पाहाव्यात! पत्रिका छापणाऱ्याला या निकालाची एक प्रत पाठवावी असे मला अनेकदा वाटते.

जाता जाता आणखी एक सांगण्याचा मोह आवरत नाही. परमवीरचक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी केला. मूळच्या युरोपातल्या, लग्नाने मराठी घरात आलेल्या आणि संस्कृत ग्रंथांत रमलेल्या या बाईंनी पदकावर इंद्राची चार वज्रे घडवली. वज्र म्हणजे दधीची ऋषींनी स्वतःच्या हाडांचे दान केल्यावर त्यांतून घडलेले शस्त्र. चार वज्रांमधून एवढी गोष्ट सांगणारे पदक, आणि त्याचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा हे बाईंच्या थोरल्या मुलीच्या दिरांपैकी एक निघावेत, हा योगायोगच म्हणायचा. धातूवर कोणते चिन्ह असावे, मागे काय लिहावे, यावर या देशाने इतका विचार केला. एकवीस जणांना ते मिळाले, त्यांपैकी चौदा मरणोत्तर. इतक्या काळजीने घडवलेल्या या व्यवस्थेचा सर्वांत खालचा, मातीला टेकलेला धागा मात्र आपण सैल सोडला आहे, म्हणून खंत वाटते.

आता माझ्या चुकीविषयी. हे सगळे मला २०१९ मध्येही माहीत होते. ज्याने उभ्या आयुष्यात शेकडो प्रस्ताव पुढे पाठवले, त्याला एक प्रस्ताव लिहायला अवघड नव्हते. पूर ओसरू दे, मग लिहू, असे मी ठरवले. पूर ओसरला तेव्हा पडक्या घरांचे पंचनामे सुरू झाले आणि निवृत्त असलो तरी गाव माझ्याच ओट्यावर अर्ज लिहून घ्यायला येऊ लागले. त्यात गैर काहीच नव्हते, माणसांना घर उभे करायचे होते. मग विधानसभेची निवडणूक आली, दिवाळी आली, आणि नंतरच्या मार्चमध्ये करोना आला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढले तेव्हा मला लाज वाटली आणि मी बसून चार पानी हकिकत लिहिली. तोवर काय झाले होते पाहा. निवारा केंद्रात घातलेल्या अकरा टाक्यांचा कागद कोणाकडेच नव्हता. पोलीस ठाण्यात त्या दिवशीची नोंद नव्हती, कारण त्या दिवशी ठाण्यातच पाणी होते. वाचलेली आई मुलांसह पुण्याकडे नोकरीला गेली होती, आजी आणि म्हातारा दोघेही वारले होते. नाडा धरणाऱ्या चौघांपैकी दोघांना तारीखच आठवेना, आणि तिसरा मी. प्रस्ताव संबंधित कार्यालयात दिला. तीन महिन्यांनी तो 'घटना जुनी असल्याने व पुष्ट्यर्थ कागदपत्रे नसल्याने' या शेऱ्यानिशी परत आला. त्या टेबलावरच्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर हाच शेरा मारला असता, कदाचित अधिक वळणदार अक्षरात.

प्रस्तावावर सही घ्यायला मी त्या गड्याकडे गेलो होतो तेव्हा तो गोठ्यात होता. त्याने सही केली, पण हसून म्हणाला, "भाऊसाहेब, पाय कवाच बरा झाला. आता कागूद कशाला?" मी काही बोललो नाही. पोटरीवरचा व्रण मात्र मला दिसत होता, रताळ्याच्या वेलासारखा वाकडा, गुडघ्याच्या खाली चालत गेलेला.

'कागूद कशाला' हा आक्षेप अनेक सुशिक्षितही घेतात. शूर माणूस पदकासाठी शौर्य करत नाही, मग त्याला पदकाच्या मागे का लावायचे, असे ते विचारतात. शूर माणसाला पदकाच्या मागे लावू नये हे मलाही मान्य आहे. म्हणूनच लिहिण्याचे काम त्याच्यावर पडता कामा नये, ते पाहणाऱ्याने करायचे आहे. शिवाय वाट्याने शेती करणाऱ्या माणसाच्या घरात एक लाख रुपये म्हणजे काय, हे ज्याच्या घरी महिन्याला पगार किंवा पेन्शन येते त्याने ठरवू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. गावोगाव असे प्रस्ताव होऊ लागले की खोटे प्रस्तावही होतील, पुढाऱ्याच्या पुतण्याला पोहता येत नसले तरी त्याच्या नावावर चार बुडणारे जमा होतील. ही भीती अगदी खरी आहे. आपल्याकडे शाल-श्रीफळाचे सत्कार कसे होतात ते आपण पाहतोच. फलकावर पुढाऱ्यांची सोळा छायाचित्रे आणि सत्कारमूर्तीचे नाव तळाला, तेही चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह. परंतु खोट्याला आळा बसतो तो नोंदीनेच. घटना घडली त्याच आठवड्यात दोन-तीन तटस्थ माणसांचे जबाब लिहिलेले असतील तर वर्षभराने कोणाच्या पुतण्याला त्यात शिरता येत नाही. नोंदच नसेल तर मात्र कोणीही शिरू शकतो.

म्हणून माझी विनंती प्रथम आपल्याला, संपादक महोदय. आपले बातमीदार गावोगाव आहेत आणि पुरात, आगीत, अपघातात ते पोलिसांच्याही आधी पोहोचतात. त्यांनी 'स्थानिकांच्या मदतीने', 'ग्रामस्थांच्या प्रसंगावधानाने', 'काही युवकांनी' हे शब्द शक्य तेथे टाळावेत आणि त्यांच्या जागी नाव, वय, गाव आणि वेळ लिहावी. नाव मिळालेच नाही तर 'नाव समजू शकले नाही' असे लिहावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते कळवेल. 'स्थानिकांच्या' या शब्दाला जेवढी जागा लागते, तेवढ्यात एक आडनाव सहज मावते. छापील बातमी हा पुरावा म्हणून सर्वश्रेष्ठ नसेल, पण तारीख, ठिकाण आणि नाव एकत्र सांगणारा तो पहिला कागद असतो, आणि अनुभवाने सांगतो, दोन वर्षांनी जबाब घ्यायला गेले की साक्षीदार हातात जुने कात्रण असेल तरच ठामपणे बोलतात.

दुसरी विनंती जिल्हा प्रशासनाला. पूर ओसरल्यावर घरांचे, पिकांचे, जनावरांचे पंचनामे होतात. त्याच फेरीत, त्याच माणसांनी, 'या गावात कोणी कोणाला वाचवले काय' हा एक प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्यावे. त्यासाठी नवी समिती नको, नवे सॉफ्टवेअर नको, एका रकान्याचे काम आहे. वैद्यकीय पथकाने निवारा केंद्रात टाके घातले तर साध्या वहीत का होईना, जखमीचे नाव आणि जखमेचे कारण लिहावे. पदकाची पायरी धोक्याच्या आणि इजेच्या गांभीर्यावर ठरते, आणि पोटरीवरचा व्रण दिल्लीतल्या समितीला दिसत नाही.

ग्रामसभांना आणि शाळांना वेगळे सांगत नाही. ज्यांना लिहावेसे वाटेल ते लिहितील. मुलांच्या धाडसाची दखल घेणारा पुरस्कार १९५७ सालीच सुरू झाला होता, तोही दिल्लीच्या रामलीला मैदानात आग लागल्यावर एका चौदा वर्षांच्या स्काउटने चाकूने मांडव फाडून लोकांना वाट करून दिली तेव्हा. समोर पंतप्रधान नेहरू होते, म्हणून दखल तत्काळ घेतली गेली. आमच्या मळीत पंतप्रधान येत नाहीत. तेथे दखल घेणारा आपल्यातलाच कोणीतरी असावा लागतो.

आणि शेवटी एक ताजी गोष्ट, जिच्यामुळे हे पत्र आजच टाकत आहे. मागच्या पंधरवड्यात आरफळच्या कालव्याला पाण्याचे आवर्तन सुरू असताना आमच्या शिवारालगत शाळेतून येणारी एक मुलगी सायकलसकट पाण्यात घसरली. फडात काम करणाऱ्या ऊसतोड टोळीतल्या एका बाईने कोयता टाकून, नेसत्या साडीनिशी उडी घेतली आणि त्या पोरीला कालव्याच्या फरशीपर्यंत ओढत आणले. तिची नखे उलटली आहेत. बातमी आली, आणि तिच्यात ती 'एक ऊसतोड मजूर महिला' आहे. ही बाई बीड जिल्ह्यातली. तिचे पूर्ण नाव, गाव आणि तालुका मी तिच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, जाऊन वहीत लिहून घेतला. नावाच्या स्पेलिंगची खात्री तिच्या लेकीने करून दिली. नखांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घेतली असून त्याचा कागद मिळाला आहे. मुलीच्या वडिलांचा आणि कालव्याचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा जबाब झाला आहे. मुकादमाचा राहिला आहे, तो रविवारी घ्यायचा आहे, कारण पट्टा पडायला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायला, फार दिवस उरलेले नाहीत आणि एकदा पट्टा पडला की टोळी गावाकडे निघून जाईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून,
पलूस तालुका, जि. सांगली